शिस्त जाचते

४ जून

मावशीबाई,

चष्मा लाव आणि मगच वाच. नाहीतर मागच्या खेपेसारखं ‘पिल्लू पास झाली’चं ‘पिल्लू पसार झाली’ वाचशील आणि शेजारपाजार गोळा करशील.

आधी तुझे आभार. आमच्या निवारा केंद्रातली ती मुलगी परवा तुमच्या निर्वासित नोंदणी कार्यालयात आली होती, आणि दुभाषी म्हणून नेमकी तूच बसली होतीस. मला हे दादांकडून कळलं. आमच्या व्यवस्थापकांना इथे लहानथोर सगळे दादाच म्हणतात. संध्याकाळी ते शिवणाच्या खोलीत आले आणि म्हणाले, तुमच्या मावशी फार समंजस. राईचा पर्वत व्हायचा होता, त्यांनी तो होऊ दिला नाही.

झालं काय होतं, तपासणीला आलेल्या नर्सचा हात धरून ती मुलगी रडत सुटली. काय बोलते ते कोणालाच कळेना. मग नियमाप्रमाणे तिला तुमच्याकडे न्यावं लागलं. नेलं दादांनीच, गाडीही तेच चालवतात. आल्यावर तिला तिची जुनी खोली परत दिली, कोठीच्या बाजूची, टोकाची.

चौदा वर्षांची आहे. तिकडच्या पळापळीतून निघालेल्या लोकांबरोबर आली आणि बरोबरची मोठी माणसं वाटेत कुठे चुकली ती चुकलीच. आपलं बोलणं तिला फारसं येत नाही, म्हणून मुली तिला मुकी म्हणतात. मीही म्हणते, जिभेवर बसलंय ते. हात मात्र गुणी आहे. पहिल्याच आठवड्यात तिची टीप माझ्या तोडीची पडायला लागली.

खरंच काय म्हणाली गं ती? दादा सांगतात, शिस्त जाचते म्हणाली. असेलही. पण त्यांच्यासारख्या माणसाबद्दल तक्रार करायची म्हणजे कमाल झाली. मी घर सोडून माझ्या पिल्लूला कडेवर घेऊन निघाले, तेव्हा सख्ख्यांनी दारातून परत पाठवलं होतं. तुझ्या एका खोलीत तुझाच पाय लांब होत नाही. दादांनी मला काम दिलं, राहायला खोली दिली, पिल्लूला शाळेत घातलं. हल्ली तिचं गणितही तेच घेतात.

आमचे मोबाइल कार्यालयाच्या कपाटात असतात, सुटीच्या दिवशी मिळतात. एकच फोन, तोही दादांच्या टेबलावर. चार मनातल्या गोष्टी बोलायच्या तर तिथे कसं बोलणार? म्हणून तुला पत्राचा त्रास. उत्तर मात्र लगेच पाठव.

तुझी ठमी


११ जून

ठमे,

पत्र मिळालं. चष्मा लावूनच वाचलं, आणि दोनदा वाचलं.

आभार मानू नकोस. मी पगारापुरतं काम करते. तिकडचं बोलणं इकडे सांगायचं, इकडचं तिकडे. त्यात माझं स्वतःचं काही नसतं. तुझ्या काकांच्या धरणाच्या कामापायी ऐन उमेदीची वर्षं त्या लोकांत काढली, बाजारहाट, बाळंतपणं, भांडणं सगळं त्यांच्याच भाषेत केलं, तेव्हा कुठे ती जिभेला लागली. म्हातारपणी तीच पोटाला घालते आहे.

मुलगी काय म्हणाली ते विचारतेस. शिस्त जाचते, असंच काहीसं. आतलं बाहेर बोलायचं नसतं, तेव्हा पुन्हा विचारू नकोस.

इथे सगळं यथास्थित. दाढ काढली. डॉक्टरने शेजारची चांगली दाढ काढली असा मला संशय आहे, पण तो ऐकून घेत नाही. वरच्या मजल्यावरची बाई रोज पाणी सांडते आणि रोज नव्यानं माफी मागते.

पिल्लू कुठे झोपते? तुझ्याजवळच ना? तुझ्या दाराला आतून कडी आहे का? नसली तर लावून घे. आणि तिचं गणित तूच घेत जा. दुसऱ्याला कशाला त्रास? शाळेत तुझं गणित काही इतकं वाईट नव्हतं.

त्या मुलीला शिवणाच्या खोलीत बसवून ठेवत जा, जमेल तेवढा वेळ. गुणी हात रिकामा ठेवू नये.

झोप लागत नाही हल्ली. दाढेमुळे असेल.

तुझी मावशी


१९ जून

मावशीबाई,

तुझं पत्र वाचून मी आणि पिल्लू दोघी हसलो. दाढ काढली की माणसाला चोरांची भीती वाटायला लागते का? माझ्या दाराला कडी आहे, पिल्लू माझ्या कुशीत झोपते आणि लाथा मारते. कर्मचाऱ्यांच्या सगळ्या खोल्यांना कड्या आहेत. मुलींच्या खोल्यांना मात्र आतून काही नाही. मागे एक मुलगी रागानं कोंडून घेऊन बसली होती, तेव्हापासून दादांनी काढून टाकल्या. बरोबरच आहे, पोरीसोरींनी आत जिवाचं काही बरंवाईट केलं तर कोणाच्या गळ्याशी येणार?

आणि गणित म्हणशील तर माझं आणि त्याचं कधीच पटलं नाही.

आता एक गंमत ऐक. तुझ्या त्या गुणी हातानं काय केलं असेल? परवा सकाळी हजेरीला मुकी आली नाही. बघायला गेले तर ती अंथरुणात पडून, डोळे टक्क उघडे, उठायलाच तयार नाही. पांघरूण ओढलं तर निघेना. दुलईच्या खोळीत शिरून बाईसाहेबांनी ती आतून गळ्यापर्यंत शिवून घेतली होती. फक्त डोकं बाहेर. टाके पाहिले असतेस तर शाबासकी दिली असतीस, बारीक आणि दुहेरी दोऱ्याचे. कात्रीनं उसवून बाहेर काढावं लागलं. मुली हसून लोळल्या. मलाही हसू आवरेना.

दादा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, हा सरकारी माल आहे, सुया तुमच्या ताब्यात असतात, लक्ष ठेवा. शब्द लागलाच मला. मग मी तिला चांगली फैलावर घेतली आणि तिच्याकडची सुई काढून घेतली. तिनं हात जोडले, बोटानं सुई दाखवत राहिली. मी दिली नाही. आता वर्ग सुटला की सगळ्यांच्या सुया गोळा करून कपाटात टाकते.

तिला दोन आठवडे शिवणाच्या खोलीत यायला मनाई आहे. म्हणजे तुझा सल्ला काही पाळता आला नाही. दिवसभर ती कोठीत धान्य निवडते.

अशी एकेक सर्कस. तू झोपेचं औषध घे, दाढेला दोष देऊ नकोस.

तुझी ठमी


२२ जून

ठमे,

हे पत्र आमच्या कार्यालयाचा ड्रायव्हर तुझ्या हातात देईल. सामान घेऊन तो तुमच्याकडे येतोय म्हणून त्याला गाठलं. दार लावून वाच.

आधी करायचं काय ते सांगते. आजपासून ती मुलगी तुझ्या खोलीत झोपली पाहिजे. कारण काय वाटेल ते सांग. पिल्लूलाही नजरेआड करू नकोस. दादांना एक अक्षर बोलू नकोस. काल मी फोन केला होता, त्यांनीच उचलला. ‘बोला मावशी’ म्हणाले, अगदी गोड. मी पिल्लूचा खोकला बरा झाला का विचारलं आणि ठेवून दिला. तिला खोकला झालाच नव्हता.

तुझं खोळीचं पत्र आलं आणि मी लगेच हे लिहायला बसले. तू गंमत म्हणून लिहिलंस. तुझी चूक नाही. तुला जे माहीत हवं होतं ते मी दाबून ठेवलं होतं.

ती मुलगी शिस्तीबद्दल बोललीच नव्हती.

त्या दिवशी साहेब टेबलाशी होते, बाजूला दोन कारकून. दाराला काच आहे, काचेपलीकडे खुर्चीवर तुमचे दादा. मुलीला घेऊन येणाऱ्यानं समोर दिसेल असं बसायचं नसतं, हा नियम मला तोंडपाठ आहे. मी काही बोलले नाही. आत जाण्यापूर्वी त्यांनी मला पाणी आणून दिलं होतं. म्हणाले, ‘तुमची भाची आमच्या घरचीच आहे.’

मुलगी हळू आवाजात बोलली, पण एकाही शब्दाला अडखळली नाही. ‘रात्री तो दार उघडतो. मी नको म्हणते. तो ऐकत नाही.’ आणि मग तिनं तिच्या भाषेतला तो शब्द उच्चारला, जो तिकडच्या बायका एकमेकींच्या कानातसुद्धा चाचरत सांगतात. मला तो चांगला माहीत आहे. बाईमाणसावर बळजबरी होते, त्याला तिकडे दुसरा शब्दच नाही.

साहेबांनी पेन उघडून विचारलं, काय म्हणते?

मी म्हणाले, ‘व्यवस्थापक कडक आहेत म्हणते. शिस्त जाचते.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिच्यापेक्षा फारच थोडं बोलले, हे तिला उमगलं असावं. तिनं सगळं पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मी मान डोलावली आणि साहेबांना म्हटलं, तेच परत सांगते आहे.

घरी येताना मी मनाची समजूत घातली, की तीन परक्या पुरुषांसमोर तो शब्द माझ्या जिभेवर आला नाही, लाज आडवी आली. लाज होतीच. पण खरं कारण ते नव्हे. तिचं बोलणं ऐकताना मला तू दिसत होतीस, पिल्लूला घेऊन पुन्हा रस्त्यावर. तुझं छप्पर राखायला मी ती पोर उघड्यावर टाकली. आणि त्याच छपराखाली तू आणि पिल्लू आहात, एवढंही मला त्या घटकेला सुचलं नाही. ते घरी पोचल्यावर सुचलं. तरी मी तुला कडी आहे का विचारलं आणि गप्प बसले.

कार्यालय उघडलं की साहेबांसमोर उभी राहणार आहे. आता कच खाणार नाही.

तिची सुई तिला परत दे.

मावशी


२३ जून

मावशी,

वर ‘मावशीबाई’ लिहवलं नाही. ड्रायव्हर आज इथेच मुक्कामाला आहे, सकाळी हे घेऊन निघेल.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा राग कोणाचा आला, सांगू? त्या पोरीचा. वाटलं, ही इथे आलीच नसती तर बरं झालं असतं. नंतर तुझा आला. इतका, की तू समोर असतीस तर काय बोलले असते देव जाणे. माझी पोर त्या माणसाशेजारी बसून पाढे म्हणत होती आणि तू मला दाढेची गोष्ट लिहीत होतीस. माझ्यासाठी केलंस म्हणतेस. माझ्या खात्यावर हे पाप नको होतं मला.

पिल्लूला जवळ घेऊन विचारलं. तिची वेणी घालायला घेतली आणि घालता घालता विचारलं. तिला काही झालेलं नाही. दोन वेळा विचारलं, दोन्ही वेळा तेच म्हणाली, आणि वेणी फार आवळलीस म्हणून रडली. मग मीही रडले.

पण मावशी, तुझ्यावर ओरडून माझी सुटका होत नाही. मला दिसत होतं. कोठीच्या बाजूची खोली नेहमी एकट्या मुलीलाच मिळते, हे दिसत होतं. ते आले की ती भिंतीला चिकटून उभी राहायची, हे दिसत होतं. मी म्हणायचे, लाजते. नर्सचा हात धरून ती रडली, तेव्हा मी शेजारीच उभी होते. मला फक्त विचारायचं नव्हतं. खोळ उसवताना तिच्या डोळ्यांत काय होतं ते पाहूनही मी हसले. तू निदान ऐकून तरी लपवलंस. मी ऐकायची वेळच येऊ दिली नाही.

दुपारी कोठीत जाऊन तिला घेऊन आले, तिच्या गाठोड्यासकट. जेवणं झाल्यावर दादा दारात आले. हसतच विचारलं, ‘ही इथे कशी?’

म्हटलं, दुलयांच्या खोळी पुऱ्या करायच्या आहेत, हाताखाली घेतली आहे.

‘खोळींची एवढी काय घाई?’

ते आत आले, पिल्लूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘ही खोली तुम्हाला कोणी दिली, विसरला नाहीत ना?’

‘नाही विसरले,’ म्हणाले मी, आणि पिल्लूला त्यांच्या हाताखालून ओढून घेतलं. त्यांचं हसू तसंच राहिलं. थोडा वेळ उभे राहून गेले. त्या माणसाला मी दोन वर्षं देवमाणूस म्हणत आले.

तिला सुई दिली. ती लगेच खोळ शोधायला लागली. मी तिला दाराशी नेलं, कडी लावून दाखवली, काढून दाखवली, पुन्हा लावली. मग तिनं स्वतः लावून पाहिली. खूप वेळ लावत आणि काढत होती. आता ती पिल्लूच्या पलीकडे झोपली आहे, आणि पिल्लू तिला लाथा मारते आहे.

तिला यापुढे मुकी म्हणणार नाही. खरं नाव मला आजवर ठाऊक नव्हतं. आज विचारलं. पिल्लूला ते लगेच म्हणता आलं, माझी जीभ अजून वळत नाही.

तू कार्यालयात गेली नाहीस असं मला कळलं, तर मी स्वतः येईन.

ठमी


२७ जून

ठमे,

गेले होते. सांगते सगळं.

साहेब आधी समजलेच नाहीत. त्यांना वाटलं, मी रजा मागायला आले आहे. मग मी तो शब्द आपल्या भाषेत सांगितला, जसा आहे तसा. दोन्ही कारकून माना खाली घालून कागद चाळायला लागले. साहेब म्हणाले, ‘म्हणजे त्या दिवशी तुम्ही खोटं सांगितलंत.’ मी हो म्हणाले. ‘का?’ मी म्हणाले, माझी भाची तिथे नोकरीला आहे. यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली.

दुपारपर्यंत बालसंरक्षणाच्या बाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, मला मुलगी असती तर. पुढचं तुला ठाऊकच आहे, त्या थेट तुमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दादांना केंद्राबाहेर राहायला सांगितलं तेव्हा तू व्हरांड्यात उभी होतीस असं त्या म्हणाल्या. तू मुलीचा हात धरला होतास, तेही सांगितलं.

मुलीचा जबाब नव्यानं घ्यायचा ठरला. मी विचारलं, मी बसू का? त्या बाई सरळ म्हणाल्या, नाही, तुम्ही नाही. बरोबर आहे. दुसऱ्या गावाहून एक तरुण दुभाषी बोलावली. तिचं व्याकरण माझ्यापेक्षा कच्चं आहे. पण ती ऐकलेलं सगळं सांगते.

काल जबाब झाला. मला आत काम नव्हतं, तरी गेले आणि बाहेर बाकावर बसले. काचेला आतून पडदा लावला होता. मुलगी आत जाताना माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, थुंकेल. मी तयार होते. तिनं त्यांच्या रीतीनं मान लववून मोठ्या माणसाला करतात तसा नमस्कार केला आणि आत गेली. ठमे, दार लागलं तरी मी त्या पडद्याकडेच बघत होते. पट्टेवाल्यानं विचारलं, बरं नाही का?

माझं काम गेलं. साहेबांनी स्वतः सांगितलं, लेखी नंतर येईल म्हणाले. मी तक्रार केली नाही. चौकशीत माझाही जबाब होईल. झाल्या गोष्टीत माझं नाव येईल, ते यायलाच हवं.

वरच्या मजल्यावरची बाई विचारत होती, हल्ली घरीच असता? का, ते मी सांगितलं. तिनं आज पाणी सांडलं, पण माफी मागायला खाली आली नाही.

तू मला लिहिलं नाहीस तरी चालेल. पिल्लूला लिहू दे.

मावशी


९ ऑगस्ट

मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहायला बसायचे आणि राग पुन्हा वर यायचा. आता तो बसला आहे की मी दमले आहे, नक्की सांगता येत नाही.

तुला बातम्या हव्या असतील. आणखी दोन मुली बोलल्या. एक तर आता लग्न होऊन गेलेली, इथे सहा वर्षांपूर्वी होती, ती स्वतःहून आली. कोठीच्या बाजूची तीच खोली. दादांना अटक झाली आहे. त्यांचा वकील म्हणतो, परक्या भाषेतले गैरसमज आहेत. तुझ्या पहिल्या सांगण्याचा तो उपयोग करणार, असं बालसंरक्षणाच्या बाई म्हणाल्या. तू साक्षीला उभी राहशील तेव्हा तो तुला सोलून काढेल. तयारीनं जा.

नवीन व्यवस्थापक बाई आल्या आहेत. मुलींच्या दारांना कड्या लागल्या. मोबाइल ज्याचे त्याच्याजवळ. माझी नोकरी आहे तोवर आहे. स्वयंपाकघरातली माणसं माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मते मी ज्या ताटात जेवले त्यातच घाण केली. दादांनी कितीजणांना कितीतरी दिलं आहे, मावशी. ते खोटं नव्हतं, हेच मला अजून पचत नाही. गावात भाजी घ्यायला गेले की लोक बोलता बोलता थांबतात. पिल्लूला शाळेत कोणीतरी काही बोललं, ती सांगत नाही.

मुलीला आता दुसरीकडे ठेवणार आहेत, एका कुटुंबात. तिची भाषा बोलणारं घर आहे, नवराबायको दोघं शिक्षक. पुढच्या आठवड्यात जाईल. माझ्या खोलीत राहून तिला आपलं बोलणं बरंच यायला लागलं आहे, मोडकंतोडकं, पण सांगायचं ते सांगते.

काल आम्ही दोघी गाठोडं बांधत होतो. तिनं तुझी चौकशी केली. ती बाकावरची आजी बरी आहे का, म्हणाली. मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, ‘आजीला माझी भाषा थोडी येते. थोडीच. मी पहिल्या दिवशी भरभर बोलले. मग हळू बोलले. तरी तिला कळलं नाही. बिचारी.’

मी हातातली घडी तशीच धरून बसले.

ती पुढे म्हणाली, ‘किंवा माझा शब्द चुकला. आई मला तो शब्द शिकवायची राहिली होती. मी दुसऱ्यांचं ऐकून शिकले. वाटलं, चुकीचा शिकले, म्हणून कोणी आलं नाही.’

मावशी, इतके दिवस ती हे धरून बसली आहे. तुझी कीव करते आहे, आणि स्वतःला दोष देते आहे. नवी दुभाषी तिचं बोलणं भराभर सांगू लागली तेव्हा तिला वाटलं, आपण यावेळी नीट बोललो.

मी काही बोलले नाही. गाठोड्याची गाठ मारली. तुला भाषा येत नव्हती असं तिला वाटतं, तोवर जगातल्या एका म्हाताऱ्या बाईबद्दल तरी तिच्या मनात चांगलं आहे. ते मोडायचं का? ती शुक्रवारी जाणार. तिला काय सांगू, तू सांग. हे मी माझ्या मनानं ठरवणार नाही.

ठमी


१२ ऑगस्ट

ठमे,

पत्र आज सकाळी मिळालं. लगेच लिहिते आहे, म्हणजे शुक्रवारच्या आत पोचेल. उशीर झाला तर तिच्यामागे त्या घरी जा, पण हे राहू देऊ नकोस.

नमस्कार का केला ते आता कळलं. मी ती क्षमा समजले होते. दीड महिना त्या समजुतीवर जगले.

तिला खरं सांग. आपल्या भाषेत सांगू नकोस, अर्धं कळेल. त्या शिक्षकांना विनंती कर, त्यांच्यातली बाई असेल तिला बाजूला घे आणि तिच्याकडून सांगव. असं सांगव: त्या बाईला तुझी भाषा चांगली येत होती. तू पहिल्यांदा बोललीस तेव्हाच तिला सगळं कळलं. तुझा शब्द बरोबर होता. हळू बोलायची गरज नव्हती. तिनं तो मुद्दाम सांगितला नाही.

का सांगितला नाही ते तिनं विचारलं तर तेही सांग, तुझं नाव न घेता. मी भ्याले, असं सांग.

मग तिच्या मनात माझ्याबद्दल काय राहील, याचा विचार करू नकोस. मी केला, आणि पत्र बाजूला ठेवून उठले होते. पुन्हा येऊन बसले आहे. माझ्याबद्दल चांगलं वाटावं म्हणून त्या पोरीनं जन्मभर स्वतःच्या जिभेवर अविश्वास ठेवायचा, एवढं मी तिच्याकडून आता घेणार नाही. पुढे तिला पुष्कळदा पुष्कळ ठिकाणी बोलावं लागणार आहे.

माझ्या वतीनं माफी मागू नकोस. मागितली की तिला ती द्यावी लागेल, तशी ती पोर आहे.

फक्त एवढं पक्कं कर, की तिला नीट कळलं. कळलं का, असं विचार. आणि ती काय म्हणते ते मला जसंच्या तसं लिहून पाठव, एकही शब्द न गाळता.

मावशी